कथलाची कांडी

१

आमटी कळकली आहे हे पहिल्याच घासाला कळलं. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली असली आणि त्यात चिंच घालून आमटी उकळली, की तिला एक हिरवट, जिभेला चिकटून राहणारी चव येते. छत्तीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवताना मुलांना हेच सांगत आलो. आंबट पदार्थ, तांबं, जस्त, विषारी क्षार, वहीत लिहून घ्या. आणि निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी मी स्वतः तेच ताटात वाढून घेऊन बसलो होतो. ज्ञानदेव मास्तरांना दहापैकी शून्य.

खरं तर ते पातेलं काढायची काही गरज नव्हती. घरात स्टीलची भांडी रगड आहेत. पण माझी बायको द्वारका आमटी त्याच पातेल्यात करायची, आणि ती गेल्यापासून मी जे करत होतो ते आमटी नव्हे, पिवळं पाणी होतं. मला वाटलं, दोष पातेल्याचा असेल. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

कोथरूडमधलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. बाहेरची खोली, झोपायची खोली आणि मधल्या अरुंद बोळातून पलीकडे गेलं की स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत बसलं की आतलं काही दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. वर्षभर ऐकण्यासारखं काही नव्हतं. सकाळी घंटागाडीचं गाणं, मग पेपर, शब्दकोडं, साडेबाराला कुकर, एक वाजता जेवण. आपलं आपण वाढून घ्यायचं आणि आपलंच आपण उचलून ठेवायचं. एकटं राहणं मला जमत होतं. वाढून घेणं जमत नव्हतं. पळी हातात घेतली की किती घ्यायचं तेच कळेना, त्रेचाळीस वर्षं ते ठरवणारं माणूस दुसरंच होतं.

पुढच्या रविवारी द्वारकेचं वर्षश्राद्ध होतं. त्यासाठी आमची एकुलती एक मुलगी नम्रता शनिवारी बंगळुरूहून येणार होती आणि सोमवारी मला कायमचं घेऊन जाणार होती. फ्लॅट भाड्याने द्यायचा असं ठरलं होतं. मी हो म्हटलं होतं. पातेलं बरोबर न्यायचं होतं, म्हणून त्याला आधी कल्हई करून घ्यायचं ठरवलं.

२

निघायला आठवडा असताना, सोमवारी सकाळी वनाजहून मेट्रो धरली, महापालिकेपाशी उतरलो आणि चालत कसबा पेठेत गेलो. तांबट आळीतले ठोके पूर्वी लांबून ऐकू यायचे, आता अगदी तोंडाशी गेल्यावर येतात. कल्हईवाले बाबुराव अजून त्यांच्या त्याच पडवीत बसतात. भात्याच्या जागी विजेचा पंखा आला आहे, एवढाच काय तो फरक.

"वहिनी नाही आल्या?" त्यांनी पातेलं हातात घेत विचारलं.

"गेल्या."

"कधी?"

"वर्ष होईल रविवारी."

त्यांनी पातेलं उजेडाकडे धरून आत पाहिलं. "तरीच. वहिनींनी इतकी उडू दिली नसती." पुण्यात सांत्वन हे असंच करतात आणि मला ते बरं वाटलं.

"बाजारात कथील मिळतं ते निम्मं शिसं असतं, मास्तर. शिसं पोटात गेल्यावर काय होतं ते तुम्हीच मला सांगा."

मी पिशवीतून माझी कांडी काढून दिली. ती मी मुद्दाम बरोबर घेतली होती. वीतभर लांब, पेन्सिलीएवढी जाड, शुद्ध कथलाची. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी ती स्वतःच्या पैशाने वर्गासाठी घेतली होती, कारण शाळा खडूलाच नाही म्हणायची तिथे कथील कुठलं देणार. कथील कोणी शोधलं, असं मी दरवर्षी विचारायचो. मुलं कुठल्या तरी साहेबाचं नाव ठोकून द्यायची. उत्तर असं की कुणालाच ठाऊक नाही. हजारो वर्षांपूर्वी कुणी तरी ते तांब्यात मिसळलं आणि कासं झालं. त्या माणसाचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. पुढे मी सांगायचो, दोनशे बत्तीस अंशांना वितळतं, नखाने खूण उठेल इतकं मऊ असतं, आणि गंजत नाही म्हणून पत्र्याच्या डब्यांना आणि भांड्यांना आतून लावतात. मग कांडी एकेकाच्या कानाशी नेऊन वाकवायचो. भाजलेला पापड मोडावा तसा कर्रर्र आवाज तिच्या आतून यायचा. धातू ओरडतो हे ऐकून मुलं दचकायची. आत स्फटिक असतात, ते वाकताना एकमेकांवर सरकतात, म्हणून आवाज येतो, घाबरायचं काही कारण नाही, असं मी सांगायचो.

बाबुरावांनी कांडी फिरवून पाहिली. ती मधोमध घडी घातल्यासारखी दुमडलेली होती. "ही अशी कोणी केली?"

"झाली," मी म्हणालो.

पातेलं भट्टीवर तापलं, नवसागराचा पांढरा धूर उठला, कांडीचं टोक आत टेकलं आणि कापसाच्या बोळ्याखाली चांदीसारखा पट्टा पसरत गेला. कांडीतलं निम्मं लागलं. उरलेलं त्यांनी लोखंडी पन्हळीत ओतून बोटभर लांबीची नवी कांडी करून दिली. निवल्यावर कानाशी धरून जराशी वाकवली आणि हसले. "शुद्ध माल. बोलते अजून."

मी ती खिशात टाकली आणि मेट्रोत परत येईपर्यंत हात खिशाबाहेर ठेवला.

३

आमची भांडणं बेताची, अबोले मात्र भरपूर. आणि अबोल्यालाही नियम होते. जेवण थांबायचं नाही, हा पहिला. आता हाक न मारता जेवायला बोलवायचं कसं? लग्नानंतर पहिल्या काही अबोल्यांत द्वारका भांडी आपटायची. मग एकदा तिने माझ्या कपाटातून कांडी काढली आणि ओट्याशी उभं राहून वाजवली. मी निमूट उठून गेलो. तेव्हापासून कांडी ओट्याखालच्या वरच्या खणात राहायला गेली आणि वर्गासाठी न्यायची झाली तर मला तिची परवानगी काढावी लागे.

दुसरा नियम असा की ताटावर बसलं की मान वर करायची नाही. मला दिसायचा तो फक्त तिचा वाढणारा हात. उजव्या तर्जनीचं पहिलं पेर नव्हतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी विळीवर सुरण चिरताना गेलं होतं. म्हणून पळी ती अंगठा आणि मधल्या बोटात धरायची, तर्जनी आपली वेगळी, आखडून. तो हात मी त्रेचाळीस वर्षं इतका पाहिला आहे की तिचा चेहरा आठवताना कधी कधी चुकतो, हात चुकत नाही.

तिसरा नियम, अबोला मी मोडायचा. शब्दही ठरलेले होते. "थोडा भात." एवढं म्हटलं की ती भात वाढायची, मग म्हणायची, "ताकही घ्या," आणि संपलं. छोटी नम्रता कांडी वाजली की पुस्तकात तोंड खुपसून हसायची.

मंगळवारी नव्या कल्हईच्या पातेल्यात आमटी करून ठेवली होती. एकला दोन-तीन मिनिटं असतील. मी बाहेरच्या खोलीत शब्दकोड्याच्या उभ्या सोळाशी अडलो होतो. आतून कांडी वाजली.

पेन्सिल माझ्या हातात तशीच राहिली. मग मी माझं मलाच समजावलं. कांडी कालच ओतलेली आहे, आत ताण राहिले असतील. दुपारचं ऊन ओट्यावर येतं. धातू तापतो, आखडतो, आवाज करतो. उठून गेलो, खण उघडला. कांडी हातरुमालावर मी ठेवली तशीच होती, फक्त जराशी वाकलेली. बाबुरावांनीच वाकवली होती, मी म्हटलं. पण मी काल घरी आल्यावर ती सरळ केली नव्हती का? केली होती असं वाटलं. शपथेवर सांगता आलं नसतं. मी ती पुन्हा सरळ केली. तिने तोच आवाज केला.

४

बुधवारी मी साडेबारापासून बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. हातात पेपर होता, वाचत नव्हतो. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा बारावर आला आणि कांडी वाजली. उन्हाला इतकी वेळेची शिस्त नसते.

मी उठलो नाही. मग ती दुसऱ्यांदा वाजली, लांबवर, कोणी तरी सावकाश, सगळी ताकद लावून वाकवावी तशी.

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, नम्रतालाही नाही. गेल्या वर्षी आमचा शेवटचा अबोला तीन दिवसांचा होता. द्वारकेला बंगळुरूला, नम्रताजवळ राहायला जायचं होतं. मी म्हटलं होतं, तुला जायचं तर जा, मी पुणं सोडणार नाही. तिसऱ्या दिवशी एक वाजता कांडी वाजली. त्या दिवशी मात्र मी ठरवलं, या वेळी नाही जायचं. येऊ दे तिलाच बाहेर, म्हणू दे तोंडाने. थोड्या वेळाने कांडी पुन्हा वाजली. लांब, सावकाश. मला राग आला होता आणि खरं सांगायचं तर मजाही वाटत होती. मी शब्दकोडं पुरं केलं. पावणेदोनला भूक लागली म्हणून आत गेलो. द्वारका ओट्याखाली पडलेली होती आणि दुमडलेली कांडी तिच्या मुठीत होती.

डॉक्टर म्हणाले, एका क्षणात झालं असणार, कोणी काही करू शकलं नसतं. डॉक्टर सगळ्यांनाच तसं सांगतात. क्षणात झालं असतं तर कांडी दुसऱ्यांदा वाजली नसती. म्हणून मी ती कांडी सरळ केली नव्हती. सरळ करायची म्हणजे तो आवाज ऐकणं आलं. वितळवून टाकली की तो गेला, असं मला वाटलं होतं.

बुधवारी दुसऱ्यांदा वाजल्यावर मी धावलो. या वयात बोळातून धावणं म्हणजे काय ते भिंतीला आपटलेल्या खांद्याला विचारा. स्वयंपाकघर रिकामं होतं. पातेलं ओट्यावर, झाकण त्यावर, नळ बंद. खण बंद. आत कांडी चांगली अर्ध्यात वाकलेली होती. मी ओट्याला टेकून उभा राहिलो आणि लहान मुलासारखा रडलो. भीतीने नव्हे. वर्षभर मला एवढंच हवं होतं, की ती पुन्हा एकदा वाजावी आणि मी उठून जावं.

५

गुरुवारी नम्रताचा फोन पावणेएकला आला. आत नीट ऐकू येत नाही म्हणून मी गॅलरीत गेलो.

"बाबा, गुरुजींना सांगितलंत ना? आणि औषधं आत्ताच बॅगेत भरू नका, मग घरभर शोधत बसाल."

"मी मास्तर होतो. मला याद्या करता येतात."

"करता येतात हो, सापडत नाहीत." ती हसली. माझी पोरगी हसते तेव्हा थेट आईवर जाते. ती बंगळुरूच्या खोलीचं सांगत होती, खिडकीतून झाड दिसतं, खाली बाग आहे, पुण्याचे दोन म्हातारे आहेत, त्यांचं कोणाशी पटत नाही म्हणजे तुमचं पटेल. मी हं, हं करत होतो.

मग ती मध्येच थांबली.

"बाबा, हे काय वाजलं? कांडी?"

मी गॅलरीच्या कठड्याला धरलं. मलाही ऐकू आली होती, पण मला गेले दोन दिवस येतच होती.

"कुणाशी अबोला आता?" ती हसत म्हणाली, आणि हसू अर्ध्यातच विरलं. "बाबा, तुम्ही गॅलरीत आहात ना? कबुतरं ऐकू येतायत मला."

"हो."

"मग वाजवतंय कोण?"

"शेजारचं दार असेल. करकरतं."

"बाबा, मी त्या आवाजावर मोठी झालेय. तुम्ही ठीक आहात ना? मी आजच येऊ का?"

"शनिवारीच ये. तिकीट बदलायला पैसे झाडाला लागलेत का?" असं म्हणून मी फोन ठेवला. म्हणजे माझे कान गेले नव्हते. डोकंही गेलं नव्हतं. घरात आवाज होता आणि तो दुसऱ्यालाही ऐकू येत होता.

आत जाऊन मी एकच ताट मांडलं, माझं. आमच्याकडे अबोल्यात ती नंतर जेवायची. पाट घेतला, मान खाली घातली आणि वाट पाहिली. समोरच्या फरशीवर काही आलं नाही. आमटी गार झाली. शेवटी मीच उठून वाढून घेतली. मात्र ती आमटी वर्षभरात पहिल्यांदा आमटीसारखी लागली. कल्हईचा गुण, मी मोठ्याने म्हणालो. मोठ्याने का म्हणालो ते मला कळलं नाही.

६

मास्तर म्हणून मला पुरावा हवा होता. ती द्वारकाच असेल तर मी सोमवारी जाणार नव्हतो. तिने बोलवावं आणि कोणी उठून जाऊ नये, हे दुसऱ्यांदा होऊ द्यायचं नव्हतं. पण नम्रताला काय सांगणार? तिला सांगण्याआधी मला स्वतःला ठाम व्हायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी कांडी दोन गुळगुळीत फरश्यांमध्ये धरून लाटण्यासारखी लाटली. वाक गेला, खुणा गेल्या, कांडी आरशासारखी झाली. रुमालाने धरून, बोट न लावता, खणात ठेवली. खण बंद केला आणि बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधताना करायचो तसं त्यावर कागदाची पट्टी चिकटवून पट्टीवरून खणावर जाईल अशी सही केली. तारीख घातली, वेळ घातली. सवयीने "पर्यवेक्षक" असंही लिहिलं.

मग त्या खणासमोरच स्टूल टाकून बसलो. पावणेएक झाला. वरच्या मजल्यावर कोणी तरी फोडणी देत होतं. एक वाजला आणि माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, बंद खणात, कांडी वाजली. पट्टी हलली नाही. मी सही पाहिली, कुठे तुटली नव्हती. ब्लेडने पट्टी कापली, खण ओढला. कांडी पार दुमडलेली होती, गेल्या वर्षीसारखी.

मला किती आनंद झाला हे सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील. मी त्या रिकाम्या स्वयंपाकघरात "अगं" म्हणालो. फक्त अगं. मी मनात म्हटलं, नम्रताला सांगायचं, जमणार नाही. रागावेल, दोन महिने बोलणार नाही, मग बोलेल.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण छत्तीस वर्षांची खोड. निरीक्षण पूर्ण केल्याशिवाय निष्कर्ष लिहायचा नाही. मी भिंग आणलं आणि कांडी खिडकीशी नेली. कथील मऊ असतं. ज्याने ती वाकवली त्याची नखं तिच्यावर उठली होती, बारीक चंद्रकोरीसारखी. एका अंगाला दोन्ही अंगठे. पलटून पाहिलं. दुसऱ्या अंगाला डावी तर्जनी. आणि तिच्या समोर, उजवीकडे, आणखी एक. छान, भरीव, पूर्ण नखाची.

द्वारकेच्या उजव्या तर्जनीला नख नव्हतं.

मी पुन्हा मोजलं. चार. मधलं बोट असेल, मी म्हटलं. ती मधल्या बोटाने धरत असेल. पण मग ती खूण खाली सरकायला हवी होती, ती नेमकी समोरासमोर होती. रुमालातून माझंच नख लागलं असेल. असेल. मी कांडी खणात टाकली, भिंग डबीत ठेवलं, आणि त्या रात्री स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढून घेतलं. या घरात ते दार आम्ही कधीच लावलं नव्हतं, त्याची कडी कुठे आहे ते मला शोधावं लागलं.

७

शनिवारी नम्रताचं विमान साडेबाराला उतरणार होतं. उतरल्यावर फोन करते, घरी यायला दोन वाजतील, असं तिने कळवलं होतं. एक वाजता घरात राहायचं नाही असं मी ठरवलं. कुकर लावला, कारण ती उपाशी येणार होती. आमटी केली आणि स्वयंपाकघराच्या दाराला पुन्हा कडी घातली. मग स्वच्छ शर्ट घातला, छत्री घेतली, आकाशात ढग नसताना, आणि सव्वाबाराला खाली उतरलो.

सोसायटीच्या फाटकाशी बाकावर बसलो. येणारी-जाणारी माणसं "काय काका, निघाले का बंगळुरूला?" असं विचारत होती आणि उत्तराला थांबत नव्हती. मी वर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहत होतो. ती द्वारका नाही. मग कोण, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ज्याचं उत्तर नाही त्यापासून लांब राहावं एवढी अक्कल मला आहे. पण दुसरा विचार पाठ सोडेना. ते आता वाजवेल. मी येणार नाही. मग ते पुन्हा वाजवेल, लांबवर, सावकाश. आणि मी खाली बाकावर बसून असेन. हे मी एकदा केलं होतं.

एकला पाच कमी असताना मी जिना चढायला लागलो.

दार उघडलं, चपला काढल्या. बोळात पाऊल टाकलं तेव्हा कांडी वाजली. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. मी मान खाली घातली. नियम नियम असतो. फरशीच्या रेघा मोजत आत गेलो. माझं ताट मांडलेलं होतं, पाट ठेवलेला होता. तो मी मांडला नव्हता. मी बसलो आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

ओट्याकडून झाकण काढल्याचा आवाज आला. आमटीचा वास आला. पातेल्यात पळी फिरली आणि नव्या कल्हईवर घासली. काही तरी माझ्या डाव्या बाजूने जवळ आलं. गरम नव्हतं, गारही नव्हतं. श्वास ऐकू येत नव्हता, पदर सळसळत नव्हता. आधी भाताची मूद ताटात पडली. मग पळी माझ्या ताटावर आली आणि पळीमागून हात.

बाईचा होता. बांगड्या नव्हत्या. पळी अंगठ्यात आणि तर्जनीत नीट धरलेली होती, आणि तर्जनी लांबसडक, सरळ, नखासकट पुरी होती. आमटी भातावर पडली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात ताटावर थांबला, अजून हवी का असं विचारावं तसा. एवढं मात्र द्वारका करायची नाही. ती कधी विचारायची नाही, तिला माहीत असायचं.

बाहेरच्या खोलीत फोन वाजायला लागला. नम्रता उतरली होती. मला उठता आलं असतं. कोणी धरलं नव्हतं, दार मागे उघडंच होतं, बोळ दहा पावलांचा आहे. फोन वाजून वाजून थांबला. मी पहिला घास घेतला. वर्षानंतर दुसऱ्याने वाढलेला घास होता तो, आणि माझे डोळे भरून आले, त्याची मला लाज वाटली.

फोन पुन्हा वाजायला लागला. या वेळी बराच वेळ वाजला. हात अजून ताटावर होता, हलला नव्हता.

मी मान वर केली नाही.

"थोडा भात," मी म्हणालो.

हात मागे गेला. भात आला. द्वारका वाढायची त्याच्या दुप्पट होता. मी तो सगळा खाल्ला.